आकडा

लाइट गेली होती. जानेवारी २०११चा मध्य, सेनेगल देशाची राजधानी डाकार, पार्सेल असेनी नावाची गजबजलेली वस्ती. फादेल बारो या पत्रकाराच्या छोट्या घरात चार-पाच मित्र अंधारात बसले होते. तासांमागून तास गेले तरी वीज येण्याचं नाव नाही. ज्यांनी महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर संसार केले आहेत, त्यांना ही बैठक वेगळी समजावून सांगायला नको. अशा वेळी बोलणं आधी विजेवर असतं, मग बिलावर येतं, मग मंत्र्यावर. डाकारमध्ये मंत्र्यावर बोलायला जरा जास्तच होतं. ऊर्जाखातं करीम वाद यांच्याकडे, आणि करीम हे राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद यांचे चिरंजीव. एकाच माणसाकडे इतकी खाती गोळा झाली होती की लोक त्याला ‘आकाशाचा आणि पृथ्वीचा मंत्री’ म्हणत. आकाश-पृथ्वी सांभाळता सांभाळता दिवा राहून गेला होता.

बारोच्या घरात बसलेल्यांपैकी दोघे रॅपर होते. एकाचं रंगमंचावरचं नाव चात, दुसऱ्याचं किलिफा. वोलोफ भाषेत चात म्हणजे शेंडेफळ आणि किलिफा म्हणजे कर्ता पुरुष. दोघांच्या गटाचं नाव ‘कर गी’, म्हणजे ‘घर’. बारो धरून तिघेही मूळचे भुईमुगासाठी प्रसिद्ध असलेल्या काओलाक गावचे. पाहुणे रॅपर यजमान पत्रकाराला टोमणे मारत होते, तुम्ही लिहिता आणि आम्ही गातो, पण करत कोणीच काही नाही. त्याच आठवड्यात तिकडे उत्तरेला ट्युनिशियाचा हुकूमशहा बेन अली देश सोडून पळाला होता. तिथे स्फाक्स शहरातल्या ‘एल जनराल’ नावाच्या विशीतल्या रॅपरने नोव्हेंबर २०१०मध्ये थेट राष्ट्राध्यक्षाला उद्देशून एक गाणं इंटरनेटवर टाकलं. ६ जानेवारीला पोलिसांनी त्याला उचललं आणि १४ जानेवारीला राष्ट्राध्यक्षच देशाबाहेर गेला. डाकारच्या त्या अंधाऱ्या खोलीत ही बातमी ताजी होती.

बैठकीतून जे निघालं त्याला त्यांनी ‘यां-ना-मार’ असं फ्रेंच नाव दिलं. मराठीत सांगायचं तर ‘आता बास झालं’.

पुढच्या चौदा महिन्यांत या ‘आता बास’वाल्यांनी काय केलं, ते या प्रकरणाच्या शेवटी सविस्तर येईल, कारण मला खरं सांगायचं आहे ते तिथेच आहे. पण त्याआधी आणखी एका शहरातल्या विजेची गोष्ट सांगायला हवी.

*

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेचा ब्राँक्स भाग. साठच्या दशकापर्यंत त्याच्या वस्त्या चिरत एक महामार्ग गेला होता. ज्यांना परवडलं ते उठून उपनगरांत गेले, मागे राहिले ते काळे आणि पोर्तो रिकोहून आलेले गरीब. घरमालकांना भाडं येईना, तेव्हा विम्याच्या पैशासाठी इमारतींना आगी लावल्या जाऊ लागल्या, आणि शहराची तिजोरी रिकामी झाली तशी अग्निशमन केंद्रंही बंद होत गेली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधल्या सात जनगणना-विभागांनी आपल्या ९७ टक्क्यांहून जास्त इमारती गमावल्या. युद्ध न होता असं झालेलं शहर विरळा.

तिथे ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये सिंडी कँपबेल नावाच्या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू व्हायच्या होत्या, नव्या कपड्यांना पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट प्रवेश फी. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच पुढे जगाला माहीत झालेला डीजे कूल हर्क. जमैकातून लहानपणी आलेल्या हर्कच्या लक्षात आलं होतं की गाण्यात जिथे गायक थांबतो आणि नुसता ठेका उरतो, तेवढ्याच भागाला नाचणारी पोरं वेडी होतात. तो तुकडा जेमतेम काही सेकंदांचा. त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली उलटी फिरवून तयार. ठेका हवा तेवढा लांबला. त्या लांबलेल्या ठेक्यावर माइक धरून कोणी तरी ओळखीच्यांची नावं पुकारू लागलं, मग यमकं जुळवू लागलं. हिप-हॉपचा जन्म सांगतात तो हा असा, कपड्यांच्या खर्चासाठी काढलेल्या तिकिटावर.

उन्हाळ्यात पार्ट्या बागेत होत. बागेत प्लगपॉइंट कुठला? पोरं रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचा पाया उघडून तिथून वीज घेत. मराठीत याला एकच शब्द आहे, आकडा टाकणे. नगरपालिकेने ज्यांना घरं, शाळा, बंब यांतलं धड काही दिलं नव्हतं, त्यांनी तिच्याच खांबावर आकडा टाकून आपला आवाज मोठा केला. १३ जुलै १९७७च्या रात्री जवळपास अख्ख्या न्यूयॉर्कची वीज गेली, दुकानं लुटली गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून ब्राँक्समध्ये नवे डीजे उगवले, असं त्या काळातली डीजे मंडळी सांगत आली आहेत. गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलेलं असेलही. पण ज्यांना साउंड सिस्टीम विकत घेता येत नव्हती त्यांची ही कला होती, इतकं तिच्यातून नक्की कळतं.

गंमत म्हणजे, सुरुवातीच्या या गाण्यांत राजकारण जवळपास नव्हतंच. मी किती भारी, माझा डीजे किती भारी, हात वर करा, एवढाच मामला. १९७९मध्ये पहिली मोठी व्यावसायिक रेकॉर्ड आली तीही निव्वळ मजेची. १९८२ साली ‘द मेसेज’ हे वस्तीतल्या जगण्याबद्दलचं संथ, कडू गाणं ग्रँडमास्टर फ्लॅशच्या गटाच्या नावावर निघालं, तेव्हा गटातल्या बहुतेकांना ते नकोच होतं. पार्टीत येणाऱ्याला घरचंच दुःख कोण ऐकवणार, असा त्यांचा सवाल. गाणं तुफान चाललं. लोकांना आपलं दुःख ठेक्यावर ऐकायला आवडतं, हा शोध गाणाऱ्यांना उशिराच लागला.

कवींना तो आधीच लागलेला होता. १९ मे १९६८ला, माल्कम एक्सच्या जन्मदिवशी, हार्लेममधल्या एका बागेत काही तरुण कृष्णवर्णीय कवींनी ढोलांच्या साथीने कविता म्हटल्या. ‘द लास्ट पोएट्स’ असं त्यांनी स्वतःला म्हणवलं. नाव सुचलं ते दक्षिण आफ्रिकेतून परागंदा होऊन अमेरिकेत आलेल्या केओरापेत्से खोसित्सीले या कवीच्या एका कवितेवरून. रॅपच्या वंशावळीत या ढोलावरच्या कवितांना आजोबांचा मान आहे. योगायोग असा की खोसित्सीलेंचा मुलगा पुढे ‘अर्ल स्वेटशर्ट’ या नावाने अमेरिकेतला नामांकित रॅपर झाला. आफ्रिकेतली कविता हार्लेममार्गे रॅप झाली, आणि रॅप ऐंशीच्या दशकात कॅसेटवर बसून पुन्हा आफ्रिकेला, डाकारला पोहोचला.

*

आकडा टाकणं म्हणजे आपल्याजवळ वीज नसताना जिथे ती आधीच वाहते आहे तिथे तार लावणं. चळवळीच्या कवितेचा इतिहास चाळताना मला हाच प्रकार पुनःपुन्हा दिसतो. कोऱ्या जागेवर नवं काव्य रचून लोक हलल्याचं उदाहरण सापडत नाही. लोकांच्या कानात आणि अंगात जी चाल आधीपासून वाहत असते, तिच्यावर तार पडते तेव्हा दिवा लागतो.

सत्यशोधक जलसेवाल्यांनी हेच केलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाच्या रक्तात तमाशा होता. त्यांनी तमाशाचा साचा ठेवला आणि आतला मजकूर बदलला. बतावणी तशीच हसवणारी, पण हसू येतं ते सावकाराचं नि भटजीचं. आंबेडकरी जलशांनी तीच तार पुढे नेली. अण्णाभाऊ साठ्यांनी वाटेगावहून मुंबईला येताना तमाशाची तालीम सोबत आणली होती, म्हणून गिरणगावातल्या चाळीचाळींत त्यांना वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यांच्या मागे कामगारांची युनियन होती आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात समिती होती. हा युनियनचा नि समितीचा मुद्दा इथे ठेवून देतो. तो पुन्हा लागणार आहे.

शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहीर कडवं सांगतो, झीलकरी ध्रुपद उचलतात, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला समोरची गर्दीच झील धरते. रॅपमध्ये याला हुक म्हणतात, म्हणजे पुन्हा आकडाच! जुलै २०१५मध्ये क्लीव्हलँड शहरात पोलिसांसमोर उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय आंदोलकांनी केंड्रिक लमारच्या त्या वर्षीच्या एका गाण्याचा हुक एकसुरात धरला. कवी तिथे नव्हता. गाणं मोर्च्यासाठी लिहिलेलंही नव्हतं. झील मात्र आयती तयार होती.

सेनेगलमध्ये ही तार कुठे होती? एक तर शतकानुशतकं राजांच्या वंशावळी आणि गावाची भांडणं तोंडपाठ सांगणारे ग्रियो होते. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बारशा-लग्नांत बायका ढोलाच्या ठेक्यावर झरझर ओळी फेकतात, स्तुतीच्या आणि चिमट्यांच्याही. त्याला तासू म्हणतात. सासूला, सवतीला, नवऱ्याला जे तोंडावर बोलता येत नाही ते तासूत बोललं तर चालतं. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या आठवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्यांमध्ये बायकांनी नवऱ्यापासून सरकारपर्यंत कोणाला सोडलेलं नाही. अमेरिकन रॅप डाकारला आला तेव्हा तिथल्या पोरांनी सांगून टाकलं की यात नवीन ते काय, आमच्या आज्या हेच करायच्या. यात इतिहास किती आणि फुशारकी किती यावर अभ्यासक वाद घालोत. पोरांना मात्र आपल्या आजीचा आधार मिळाला.

तिसरी गोष्ट भाषेची. सेनेगलची राजभाषा फ्रेंच. कोर्ट, शाळा, निवडणुकीचा कायदा सगळं फ्रेंचमध्ये, आणि बाजारात, घरात, बसमध्ये वोलोफ. सुरुवातीच्या रॅपरांनी इंग्रजी-फ्रेंचमध्ये नक्कल करून पाहिली, मग ते वोलोफवर आले आणि तिथून लोक त्यांचं ऐकू लागले. पुढे २०१३मध्ये झुमान आणि केयती या दोन रॅपरांनी याचा कळस केला. त्यांनी चक्क रॅपमध्ये बातमीपत्र सुरू केलं. झुमान फ्रेंचमध्ये बातम्या द्यायचा, केयती वोलोफमध्ये, कोट-टाय घालून, ठेक्यावर. ज्याला फ्रेंच बातमीपत्र कळत नाही त्याला अर्थसंकल्प यमकात कळू लागला.

मुंबईचा रॅपही याच वाटेने आला. इंग्रजीतली नक्कल सोडून अंधेरीच्या डिव्हाइनने आणि कुर्ल्याच्या नेझीने गल्लीची हिंदी धरली तेव्हा कुठे त्याला मुंबईचा वास आला. नेझीचं पहिलं गाजलेलं गाणं २०१४ सालचं, घरातल्या आयपॅडवर केलेलं. त्याच वर्षी जानेवारीत नामदेव ढसाळ गेले. १९७२मध्ये मुंबईच्या बोलीतली शिवी, धंद्याची भाषा आणि गटाराचा वास ‘गोलपिठा’तून मराठी कवितेत आणणारा हा कवी. त्याच वर्षी त्याने आणि सोबत्यांनी उभ्या केलेल्या दलित पँथरने आपलं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. म्हणजे गल्लीतल्या पोरांनी न्यूयॉर्ककडून ठेका घेण्याच्या चाळीस वर्षं आधी याच शहरातल्या कवींनी तिकडून नाव आणलं होतं. नव्या पोरांपैकी कितीजणांनी ‘गोलपिठा’ वाचला असेल कोण जाणे. न वाचताही काही गोष्टी गल्लीतून मिळतात.

*

आकड्याची एक अडचण असते. महावितरणची गाडी आली की पहिल्यांदा तोच काढला जातो.

गाण्याचा आकडा काढायच्या दोन रीती आहेत. पहिली सरळ आहे. ऑगस्ट १९८९मध्ये अमेरिकेच्या एफबीआयमधल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लॉस एंजेलिसच्या एन.डब्ल्यू.ए. या गटाच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवलं, तुमचं पोलिसांविरुद्धचं गाणं आम्हाला मान्य नाही म्हणून. पत्राने गाणं थांबलं नाही, उलट खप वाढला. आपल्याकडे एवढं सभ्य पत्र येत नाही. २०२३च्या वसंतात महाराष्ट्रातल्या सत्तांतरावर, खोक्यांच्या चर्चेवर रॅप करणाऱ्या राज मुंगासे या तरुणावर गुन्हा नोंदवला गेला. गाण्यात कोणाचंही नाव नव्हतं. तरी नाव कोणाचं हे पोलिसांना आणि तक्रारदाराला बरोबर कळलं!

दुसरी रीत जास्त परिणामकारक आहे. गाणं विकत घ्यायचं. ‘आझादी’ची घोषणा आपल्याकडे कमला भसीन यांच्यासारख्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी रुजवली, दिल्लीच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०१६ साली ती गाजवली, डब शर्माने तिचा ट्रॅक केला, आणि २०१९मध्ये ‘गली बॉय’ या चित्रपटात ती आली. येता येता वाटेत बरीच नावं, बरेच नेमके शत्रू गळून गेले आणि उरली गरिबीपासूनची मुक्ती, जिला कोणत्याच पक्षाचा विरोध नसतो. चित्रपट मला आवडला होता. गाणंही पायाने ताल धरायला लावणारं. पण आकड्याची वीज मीटरवर घेतली की तिचं बिल कोणाच्या नावे निघतं, हे त्यातून कळतं.

त्याच वर्षी मुंबईत दुसरं एक गाणं निघालं. ‘स्वदेसी’ या गटाने, ज्यात मराठी, हिंदी, गुजराती अशा निरनिराळ्या भाषांत रॅप करणारी पोरं होती, आरेच्या जंगलावर ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. सोबतीला आरेतल्याच केलटीपाड्याचे प्रकाश भोईर, स्वतः आदिवासी. गोंगाटी शहराच्या गाण्यात पाड्याचा आवाज आहे तसा, कुठेही सोज्वळ न करता ठेवलेला. गाणं उत्तम होतं आणि आजही ऐकावं असं आहे. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने आरेतल्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं पडलेली होती.

गाण्याने झाडं वाचत नाहीत, असं म्हणून इथे थांबणं सोपं आहे. पण याच्या उलटचं उदाहरणही जवळच आहे. तामिळनाडूतल्या कोडाईकनालमध्ये थर्मामीटरचा कारखाना होता, पाऱ्याच्या प्रदूषणामुळे तो २००१मध्ये बंद झाला. आजारी पडलेले कामगार भरपाईसाठी भांडत राहिले. २०१५मध्ये सोफिया अश्रफ या चेन्नईच्या रॅपर तरुणीने त्यावर गाणं केलं आणि चाल घेतली अमेरिकेतल्या निकी मिनाजच्या एका अतिलोकप्रिय गाण्याची. याहून मोठ्या दाबाच्या तारेवर आकडा टाकणं कठीण. गाणं जगभर फिरलं, खुद्द निकी मिनाजने ते पुढे पाठवलं. मार्च २०१६मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. बातम्यांत याला ‘रॅपचा विजय’ म्हटलं गेलं. पण २००१ ते २०१५ अशी चौदा वर्षं कामगारांनी आजाराचे कागद जपून ठेवले होते, न्यायालयाच्या तारखा पाळल्या होत्या, मातीचे नमुने तपासून घेतले होते. रॅपने त्या फाइलकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. फाइलच नसती तर गाण्याने लक्ष वेधून दाखवायचं काय होतं?

मघाशी ठेवून दिलेला युनियनचा मुद्दा तो हाच. आता परत डाकारला जाऊ.

*

‘आता बास’वाल्यांचा इतिहास सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. ज्या अब्दुलाय वाद यांच्याविरुद्ध ते उभे राहिले, त्यांना २०००मध्ये निवडून आणण्यात रॅपरांच्या आधीच्या पिढीचा हात होता. तेव्हा वाद विरोधी पक्षात होते, ‘सोपी’, म्हणजे ‘बदल’, ही त्यांची घोषणा होती, आणि गाण्यांमधून तरुणांना मतदानाला बाहेर काढलं गेलं होतं. अकरा वर्षांत बदलाचे म्हातारबाबा झाले. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी तिसऱ्यांदा उभं राहायची तयारी, आणि चिरंजीव ऊर्जामंत्री.

चात आणि किलिफा यांना सत्तेशी पंगा नवा नव्हता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, शाळकरी वयात, काओलाकच्या महापौरावर टीका केली म्हणून दोघे तुरुंगात जाऊन आले होते. सोबत बारो होता आणि अलियू साने नावाचा पत्रकार होता (आडनावावर जाऊ नका, आपल्या गुरुजींच्या घराण्याशी संबंध नाही). काळे टी-शर्ट, त्यावर चळवळीचं नाव, आणि दगड उचलायचा नाही हा नियम. प्रत्येक वस्तीत त्यांचे छोटे गट उभे राहिले. या गटांना शाखा किंवा सेल न म्हणता त्यांनी ‘एस्प्री’ म्हटलं, म्हणजे चैतन्य. चौकांत त्यांनी प्रश्नांच्या जत्रा भरवल्या, ज्यात लोकांनी येऊन आपापलं गाऱ्हाणं मांडायचं. आणखी एक शब्द त्यांनी चालवला, ‘नव्या प्रकारचा सेनेगली’. हा माणूस रस्त्यावर लघवी करत नाही, बसच्या टपावर बसत नाही, मत विकत नाही. राष्ट्राध्यक्षाला शिव्या देणं सोपं होतं. स्वतःच्याच चाहत्यांना रस्ता घाण करू नका म्हणणारा रॅपर मला तरी पहिल्यांदा इथेच भेटला.

एप्रिल २०११मध्ये त्यांनी मोहीम काढली, ‘दास फनानाल’. वोलोफमधली म्हण आहे, झोपण्यापूर्वी हत्याराला धार लावून ठेव. हत्यार कोणतं? मतदार ओळखपत्र. गाणी गायची, गर्दी जमवायची आणि गर्दी जमली की विचारायचं, तुझं नाव यादीत आहे का? नाही? चल, रांगेत उभा राहा. मतदारनोंदणी हे जगातलं सर्वांत कंटाळवाणं काम असावं. जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, साहेब जेवायला गेलेत, उद्या या. क्रांतीची गाणी ऐकणाऱ्या पोराला त्या रांगेत उभं करायला आणि उभं ठेवायला बहुधा गाणारा माणूसच लागतो. मोर्चाचा फोटो येतो, रांगेचा येत नाही.

मग जून आला. वाद सरकारने घटनादुरुस्तीचं विधेयक आणलं. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष एकाच मतपत्रिकेवर, आणि पहिल्या फेरीत जिंकायला निम्म्याहून अधिक मतांची अट काढून फक्त २५ टक्के. उपराष्ट्राध्यक्ष कोण होणार यावर डाकारमध्ये कोणी पैज लावत नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. २३ जूनला विधेयक चर्चेला आलं त्या दिवशी संसदेबाहेर प्रचंड गर्दी लोटली. अश्रुधूर, रबरी गोळ्या, पेटलेले टायर. रॅपर, विरोधी पक्ष, मानवी हक्कवाले वकील, सामान्य माणसं सगळे एकत्र. आत खासदार बोलत राहिले आणि बाहेरचा आवाज वाढत गेला. संध्याकाळपर्यंत सरकारने विधेयक मागे घेतलं. चारच दिवसांनी, २७ जूनला, पुन्हा लाइट गेली आणि चिडलेल्या लोकांनी वीज कंपनी सेनेलेकच्या कचेऱ्या जाळल्या. ती जाळपोळ ‘आता बास’च्या नियमात बसणारी नव्हती. पण लोकांच्या रागाला नियमावली वाटलेली नसते.

जुलैत एका सभेतल्या भाषणात चातने नव्वदीतल्या म्हाताऱ्याने खोटं बोलणं देशाला शोभत नाही अशा अर्थाचं काही म्हटलं आणि पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. पुन्हा नाव घेतलेलं नव्हतं, पुन्हा बरोबर कळलं होतं.

जानेवारी २०१२मध्ये घटना परिषदेने वाद यांना तिसऱ्यांदा उभं राहायची मुभा दिली आणि जगप्रसिद्ध गायक युसू न्दूर यांची उमेदवारी मात्र फेटाळली. रस्ते पेटले, काही जीव गेले. चळवळीने त्या मोसमात काढलेलं गाणं एका फ्रेंच शब्दखेळावर उभं होतं, ‘फो पा फोर्से’. फ्रेंचमध्ये चुकलेल्या पावलाला ‘फो पा’ म्हणतात, आणि बोलीत हेच शब्द जोडून घेतले की ‘बळजबरी करू नकोस’. एका नावात राष्ट्राध्यक्षाची चूकही आली आणि त्याला दिलेली तंबीही.

२६ फेब्रुवारीला पहिली फेरी झाली. वाद यांना जवळपास ३५ टक्के मतं मिळाली, ते पहिले आले. दुसरे माकी साल, २६ टक्क्यांच्या जरा वर.

इथे क्षणभर थांबून तो आकडा पुन्हा पाहा. जूनमधलं विधेयक मंजूर झालं असतं तर २५ टक्क्यांना निवडणूक संपली असती. ३५ टक्के मिळवणारे वाद त्याच रात्री जिंकले असते आणि पाठोपाठ चिरंजीवही. विधेयक पडलं होतं म्हणून दुसरी फेरी झाली, २५ मार्चला. पहिल्या फेरीत विखुरलेली मतं एका जागी आली आणि माकी साल यांना ६५ टक्क्यांहून अधिक मतं पडली. रात्री वाद यांनी फोन करून प्रतिस्पर्ध्याचं अभिनंदन केलं. म्हणजे निकाल जूनच्या त्या एका संध्याकाळी आणि नोंदणी कार्यालयासमोरच्या रांगांत बराचसा ठरून गेला होता. गाण्याने माणूस रांगेपर्यंत आणला, पुढचं काम रांगेने केलं.

या पद्धतीची लागण शेजाऱ्यांना झाली. बुर्किना फासोमध्ये २०१३ साली रॅपर स्मोकी आणि रेगे गायक साम्स-के ल जाह यांनी ‘नागरिक झाडू’ नावाची संघटना काढली. लोक खरोखरच झाडू हातात घेऊन रस्त्यावर आले आणि ऑक्टोबर २०१४च्या शेवटी सत्तावीस वर्षं खुर्ची न सोडलेले ब्लेझ कंपाओरे पळाले. मार्च २०१५मध्ये सेनेगल आणि बुर्किनाची ही मंडळी काँगोतल्या तरुणांना आपला अनुभव सांगायला किन्शासाला गेली, तेव्हा तिथल्या पोलिसांनी फादेल बारोसकट सगळ्यांना धरलं. काँगोच्या सरकारला गाण्यांची भीती वाटली असेल असं मला वाटत नाही. रांगेत कसं उभं करायचं ते शिकवायला माणसं आली आहेत, याची वाटली असावी.

माकी साल निवडून आल्यावर ‘आता बास’वाल्यांनी संघटना सत्तेबाहेरच ठेवली. वस्त्यांतल्या गटांनी गावपातळीवरच्या कारभाऱ्यांना हिशेब विचारण्याचं काम हाती घेतलं. चात आणि किलिफा पुन्हा स्टुडिओत गेले. २०१४मध्ये, नव्या राष्ट्राध्यक्षांची दोन वर्षं पूर्ण होऊन काही महिने उलटले असतील, ‘कर गी’ने नवं गाणं काढलं. त्यात या वेळी समोर माकी साल होते. गाण्याचं नाव ‘जोगुफी’. वोलोफमध्ये त्याचा अर्थ होतो, काही हललेलं नाही.